लायब्ररीतले ऑडिटर

कुठलाही कागद हातात आला की ते आधी तो उलटा करायचे. मागे काही लिहिलंय का, शाई पलीकडून उमटली आहे का, पिन एकदाच टोचली आहे की दोनदा, हे सगळं बघून झाल्यावरच कागद सुलटा व्हायचा. समोरचा माणूस तोवर खुर्चीत चुळबुळत असे. एकदा एका तरुण इंजिनिअरला राहवलं नाही. तो म्हणाला, "काका, मागे काही नाहीये, ब्लँक आहे."

"ते मी बघितल्यावर ठरेल," ते म्हणाले.

मी तुमच्या आत्याकडे न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहायला आले तेव्हा दर शनिवारी लायब्ररीत जायला लागले. आमच्या मराठी मंडळाने तिथे एक टेबल मागून घेतलं होतं. नवीन आलेले लोक, किंवा येऊन वीस वर्षं झाली तरी सरकारी फॉर्म दिसला की घाम फुटणारे लोक, यांना कागदपत्रांत मदत करायची, एवढंच काम. मी पुण्याला शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून अर्ज आणि पत्रांची भाषा माझ्याकडे. तारखा आणि नियम त्यांच्याकडे. सगळे त्यांना ऑडिटर काका म्हणत. मी त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान, तरी मीही काकाच म्हणे. ते मला 'बाई' म्हणत, शाळेतल्यासारखं.

नागपूरला ते सरकारी नोकरीत होते. पण पैशांचे ऑडिटर नव्हेत, हे ते पहिल्याच भेटीत सांगून टाकायचे. "मी भांडार तपासलं. चादरी, बादल्या, स्ट्रेचर, टॉर्च. पैशात माणूस खोटं बोलतो ते साऱ्यांनाच माहीत असते. बादलीत खोटं बोलतो ते पाहायला मजा येते."

त्यांची चादरींची एक गोष्ट होती. ती त्यांनी मला पाचसहा वेळा सांगितली आणि दर वेळी तपशील तोच राहिला. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं होतं, कारण खोटी गोष्ट दर वेळी थोडी वाढते. कुठल्याशा सरकारी दवाखान्यात ते तपासणीला गेले. रजिस्टरमध्ये दोनशे चादरी, कपाटातही दोनशे. भांडारप्रमुख खुशीत. ऑडिटरनी एक चादर उचलून नाकाला लावली. तिला फोडणीचा वास होता. "दवाखान्याच्या चादरीला फोडणीचा वास कुठून येणार, बाई? समोरच्या लॉजमधल्या होत्या. तपासणीपुरत्या आणलेल्या." तिथे त्यांनी काहीच बोलून दाखवलं नाही. चहा नाकारला, गाडी चुकेल म्हणून निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता परत गेले. कपाटात एकतीस चादरी.

"न सांगता," ते बोट वर करून म्हणायचे. "सांगून गेलं तर तपासणी नाही होत. पाहुणचार होतो."

तुम्ही म्हणाल, आजी, माणूस तर हुशार दिसतोय. होतेच. पण मला ते आवडत नसत. भिंतीला पाठ लावल्याशिवाय ते बसायचे नाहीत. लायब्ररीतलं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे असं त्यांनी तिथल्या बाईंना सांगितलं होतं आणि त्यामुळे कोण लवकर घरी जातं हेही विचारलं होतं. मी थर्मासमधून चहा न्यायची. मी माझ्या कपातला घोट घेईपर्यंत ते स्वतःच्या कपाला हात लावत नसत.

"विष नाही हो घातलेलं," मी एकदा म्हटलं.

"विषाचं भ्या नाही. साखर किती आहे ते तुमच्या तोंडावरून कळते."

आणि त्यांची ती वही. तळहाताएवढी, निळ्या कव्हरची. लोक बोलत असताना ते तिच्यात काहीतरी टिपायचे आणि मी जवळ गेले की मिटायचे. वही झाकणारं मूल काहीतरी लपवत असतं, हे मी तीस वर्षं बघितलं होतं. मंडळात कुजबुज होती की नागपूरची नोकरी त्यांना मुदतीआधी सोडावी लागली. काही म्हणत खरं बोलले म्हणून, काही म्हणत स्वतःच सापडले म्हणून. मी दोन्ही ऐकलं आणि मनात दुसरं ठेवलं.

एका शनिवारी टेबल आवरताना त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तुमच्यापाशीच ठेवा. डोळ्याच्या ऑपरेशनला टेक्ससला चाललो. मुलाला अजून सांगितलं नाही."

मी मान हलवली. घरी येऊन तुमच्या आत्याला सांगितलं. घरातल्या माणसाला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे, अशी तोवर माझी समजूत होती. पंधरा दिवसांनी मंडळाच्या हळदीकुंकवात त्यांच्या सुनेला कुणीतरी विचारलं, "अगं, काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन टेक्ससला कशाला? इथले डॉक्टर काय वाईट आहेत?"

पुढच्या शनिवारी ऑडिटर आले, खुर्ची ओढली, वही उघडली.

"डोळ्याचं तुम्हाला सांगितलं होतं. मंडळाच्या सेक्रेटरीला सांगितलं, घर विकून राहिलो. इथल्या लायब्ररीवाल्या बाईला सांगितलं, कुत्रा पाळतो. घराचं कोणी विचारलं नाही. कुत्र्याचं कोणी विचारलं नाही."

"म्हणजे ऑपरेशन नव्हतंच?"

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"काका, ही काय पद्धत झाली?"

"जुनी पद्धत आहे. पाणी कुठून गळते ते पाहायचं असलं तर प्रत्येक नळात वेगळा रंग टाकायचा." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "राग नका मानू. तुम्ही वाईट नाही. गळक्या आहात."

मला खूप नावं ठेवली गेली आहेत. शिस्तीची, खडूस, फटकळ. गळकी पहिल्यांदाच. मी दोन शनिवार गेले नाही. तिसऱ्या शनिवारी गेले, कारण माझ्याशिवाय तिथल्या पत्रांचं काय होत असेल याची मला काळजी वाटत होती. त्यानंतर कुणी आपली खाजगी गोष्ट सांगू लागलं की ऑडिटर माझ्याकडे एकदा बघायचे आणि मग समोरच्याला म्हणायचे, "जेवढं लागते तेवढंच सांगा."

अशात ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्याच कॉम्प्लेक्समधली एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीला मी इथे रेवा म्हणते. तुम्ही तिला ओळखाल. उन्हाळ्यात तुम्ही टेक्ससहून आलात की तुम्ही तिघं दिवसभर स्विमिंग पूलवर असायचात. वडील गेल्यापासून तिची आई डे-केअरमध्ये नोकरी करून घर चालवत होती. रेवा काउंटीच्या कॉलेजात नर्सिंग शिकत होती. तिची फी सरकारी मदतीतून, फायनान्शियल एडमधून जायची. पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी झालं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला दुसरं वर्ष आणि त्याबरोबर हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं. त्याच्या जागा मोजक्या. फी भरली नाही तर जागा गेली, आणि पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही. आणि आता पत्र आलं होतं की सरकारी मदत थांबवली आहे.

"मावशी, आधी सांगा," आई खुर्चीवर बसायच्याही आधी म्हणाली, "हे इथून बाहेर जाणार नाही ना?"

मी तोंड उघडलं.

"माझ्याकडून नाही जाणार," ऑडिटर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मग आईने सांगितलं. आदल्या ऑक्टोबरमध्ये रेवाच्या पर्समध्ये पोलिसांना गांजाची पुडी सापडली. तुम्ही लोक वीड म्हणता ते. आता तर इथे हायवेला पाटी लावून ते विकतात, आणि मदतीच्या फॉर्मवरचा त्याबद्दलचा प्रश्नही काढून टाकला आहे. पण त्या वर्षांत तसं नव्हतं. कोर्टाची नोटीस आली. आईने अर्ध्या दिवसाची रजा काढली, मुलीला घेऊन गेली, गुन्हा कबूल करायला लावला, दंड भरला आणि दुपारी कामावर परत गेली.

"वकील नाही केला?" मी विचारलं.

"वकील आपल्यातल्या कुणाचा भाऊ, मेव्हणा निघाला असता तर? इथे कोण कुणाचं असतं काही सांगता येत नाही, मावशी. दुसऱ्या तारखेला परत गेलो असतो तर कुणीतरी बघितलं असतं. म्हटलं, हो म्हण आणि मोकळी हो."

मोकळी झाली नाही. नव्या वर्षाच्या मदतीच्या फॉर्मवर प्रश्न होता, मदत घेत असताना केलेल्या ड्रगच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? आईने स्वतः शेजारी बसून 'हो' लिहायला लावलं आणि खाली कोर्टाची तारीख टाकली. एकदा लपवलं ते पुरे, असं तिला वाटलं असावं.

ऑडिटरनी पत्र घेतलं आणि अर्थातच उलटं केलं. मागे बारीक अक्षरात अर्धं पान छापलेलं होतं.

"हे वाचलं?"

आईने मान हलवली. नव्हतं वाचलं.

"बंद झालं ते पुढे लिहिते सरकार. उघडायचं कसं ते मागे लिहिते."

मागे तीन वाटा दिलेल्या होत्या. निकालापासून एक वर्ष थांबा, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जागा गेली. किंवा मान्यता असलेला व्यसनमुक्तीचा कोर्स पूर्ण करा. किंवा तशाच केंद्राच्या, आधी न सांगता घेतलेल्या दोन चाचण्या पास व्हा.

"व्यसनमुक्ती?" आईचा आवाज चढला. "माझ्या मुलीला व्यसन नाहीये! तिथे एकदा नाव लागलं की उद्या हिला नर्स म्हणून कोण घेणार? लग्नाच्या वेळी..."

"आई, प्लीज. नॉट द लग्न थिंग," रेवा म्हणाली. तिचे हे पहिले शब्द.

चाचण्यांसाठी ऑडिटरनी तिथूनच एका केंद्राला फोन लावला. स्पीकरवर. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. काही काळजी करू नका, मंगळवारी दहाला या, गुरुवारी दहाला परत या, दोन्ही सर्टिफिकेटं शुक्रवारी हातात.

"दिवस आधीच ठरलेले?" ऑडिटरनी त्यांच्या नागपुरी इंग्रजीत विचारलं.

"तुमच्या सोयीने, सर! बदलून पाहिजेत का?"

त्यांनी फोन ठेवला. "चादरी," एवढंच म्हणाले. आधी सांगून घेतलेली चाचणी कॉलेजने फेकून दिली असती, आणि वर मुलीवर खोटेपणाचा डाग. दुसरं केंद्र सरळ वाटलं, पण त्यांच्याकडे सप्टेंबर संपेपर्यंत जागा नव्हती.

मग ते आईकडे वळले. "पोलिसांनी पकडलं कधी?"

"ऑक्टोबरमध्ये."

"कोर्टाचा निकाल?"

"ऑक्टोबरमध्येच."

ऑडिटरनी ते वहीत टिपलं. "पस्तीस वर्षं सरकारात काढली. इतकं चपळ कोर्ट मी कुठं पाहिलं नाही. पोलिसांनी जागेवर दिलेला पहिला कागद कुठं आहे?"

आई ओशाळली. "जे काही हाताला लागलं ते मी देवीच्या निर्माल्याबरोबर तळ्यात सोडलं. घरात नको होतं मला ते."

"कागद सुटतात तळ्यात. कोर्टाचं रजिस्टर नाही सुटत." हे ते आईशी बोलले, पण बघत होते रेवाकडे. रेवा वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी सुटलेली नव्हती. ते मलाही दिसलं.

"बाई," ते मला म्हणाले, "तुम्ही आईला घेऊन तिकडं बसा."

आम्ही लहान मुलांच्या पुस्तकांपाशी बुटक्या खुर्च्यांवर वीस मिनिटं बसलो. परत बोलावलं तेव्हा रेवाचे डोळे लाल होते आणि निळी वही मिटलेली होती. "विचार करून सांगतो," ऑडिटर म्हणाले.

पुढच्या शनिवारी मला त्यांनी दहाऐवजी अकराला यायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, "काम कमी आहे." मी साडेदहाला गेले. आमचं नेहमीचं टेबल रिकामं होतं. ते दोघं आतल्या कोपऱ्यात, कपाटांच्या मागे बसले होते. रेवाची मान खाली, ते पुढे झुकून हळू आवाजात काहीतरी सांगत होते. मला बघताच थांबले.

"अकरा म्हटलं होतं."

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? म्हातारा पुरुष, बिनवडिलांची एकटी मुलगी, झाकलेली वही, आणि मला दूर ठेवायची ही धडपड. शाळेत मी असल्या गोष्टींकडे डोळेझाक केल्याचे परिणाम बघितले होते. संशय आला यात माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. चुकलं ते पुढे. मला रेवाला विचारता आलं असतं, त्यांना तोंडावर विचारता आलं असतं. मी त्याच संध्याकाळी पत्रपेट्यांपाशी तिच्या आईला गाठलं आणि सगळं सांगितलं. नागपूरच्या नोकरीची कुजबुजही सांगितली. ती तर मला स्वतःलाही नीट ठाऊक नव्हती.

पुढच्या शनिवारी आई आली ती रेवाच्या दंडाला धरूनच.

"आजोबांच्या वयाचे तुम्ही! एकटीला गाठून काय विचारता हो माझ्या मुलीला?"

सगळी लायब्ररी वळून बघायला लागली.

"आई, स्टॉप! ही इज हेल्पिंग मी!"

"मग माझ्यासमोर करू दे ना मदत!"

रेवा गप्प झाली. तिच्या त्या गप्प होण्याने माझीही खात्री पटली.

ऑडिटर उठून उभे राहिले. मला वाटलं भांडतील. ते आईला म्हणाले, "बरोबर केलं तुम्ही. संशय यायलाच पाहिजे. मला पोरगी असती तर मीही आलो असतो." मग माझ्याकडे वळले. "रंग ओळखीचा आहे, बाई."

मी खाली बघितलं.

"आता असं करू," ते म्हणाले. "मी पोरीला एकटा भेटत नाही. फी भरायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. सोमवारी बाई तिला कोर्टात नेतील. खिडकीवर पहिल्या कागदाची नक्कल मागायची. बंद पाकिटात द्या म्हणायचं. पाकीट पोरीच्या हातात. बाईंनी फक्त गाडी चालवायची."

"मी काही उघडून बघणार नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर बंद पाकीट."

एवढ्या लोकांसमोर म्हणाले. आणि मी ऐकून घेतलं.

सोमवारी रेवा माझ्या शेजारी पाकीट मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हात त्याच्यावर. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "आजी, यू डोन्ट वॉन्ट टू नो? खरंच?"

"मला सगळं जाणून घ्यायचंय. म्हणून तर ते पाकीट माझ्याकडे देत नाहीत."

ती हसली. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच.

लायब्ररीत ऑडिटर वाट बघत होते. आईला कामावरून निघता आलं नव्हतं. त्यांनी पाकिटाची चिकटपट्टी बोटाने तपासली, फोडलं, कागद उलटा केला, सुलटा केला आणि सावकाश वाचला. मग तो टेबलावर माझ्यासमोर ठेवला. ठेवताना आपला रुंद अंगठा मधल्या एका ओळीवर आडवा दाबून धरला.

"गुन्ह्याची तारीख वाचा."

मी वाचली. आदल्या वर्षाच्या जुलैचा शेवटचा आठवडा.

"कॉलेज सुरू झालं सप्टेंबरात," ते म्हणाले. "मदत सुरू झाली सप्टेंबरात. जुलैमध्ये ही पोरगी कॉलेजात गेलीच नव्हती. मदत घेत असताना गुन्हा केला असेल तर मदत थांबते. कोर्ट कधी बसलं त्याला काही अर्थ नाही. फॉर्मवर 'हो' लिहिलं तेच चुकलं. मदत थांबायलाच नको होती."

"पण आई तर ऑक्टोबर म्हणाली!"

"कारण मी आईला तेच सांगितलं," रेवा म्हणाली. पोलिसांचा कागद तिने तीन महिने पुस्तकात लपवला होता. ऑक्टोबरमध्ये कोर्टाची नोटीस आईच्या हाती पडली, तिच्यात फक्त हजर राहायची तारीख होती, तेव्हा तिने सांगून टाकलं की गेल्याच आठवड्यात झालं, कॉलेजमधल्या मुलांबरोबर होते. कॉलेजमधली मुलं आईला माहीत नव्हती, त्यामुळे पुढे प्रश्न आले नाहीत. खरी तारीख सांगितली असती तर आईने विचारलं असतं, तेव्हा बरोबर कोण होतं?

"तुम्हाला हे कधी कळलं?" मी ऑडिटरना विचारलं.

"पहिल्याच शनिवारी. कागदाशिवाय उपयोग नव्हता. आणि कागद मागवायला ही तयार होत नव्हती. तिला तयार करण्यात दोन शनिवार गेले."

अंगठा तिथेच होता.

"त्याच्याखाली काय आहे?"

"ठिकाण. गाडीचा नंबर."

"कॉलेजला अख्खा कागद द्यावा लागेल."

"कॉलेजला देऊ."

म्हणजे मला नाही. मला राग आला, आणि रागातच मी मनात दिवस मोजले. जुलैचा शेवटचा आठवडा. त्या आठवड्यात तुम्ही दोघं इथे होतात. रोज जेवणं झाली की आत्याची जुनी करडी गाडी घेऊन आइस्क्रीमला जायचात, आणि रेवा मागच्या सीटवर असायची. एका संध्याकाळी तुम्ही फार उशिरा आलात आणि न बोलता खोलीत गेलात. गर्दी होती म्हणालात. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही आलाच नाहीत. इंटर्नशिप आहे, असं कळवलंत. दोघांनाही एकाच वेळी.

मी रेवाकडे बघितलं. ती त्या अंगठ्याकडे बघत होती.

ऑडिटर मला लांब ठेवत होते ते मी गळकी म्हणून, की त्या नंबराची गाडी कुणाच्या दारात उभी असते हे त्यांना ठाऊक होतं म्हणून? मी कितीदा विचार केला आहे. त्यांच्या स्वभावात दया बसत नाही. पण फक्त संशय असता तर त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवलाच नसता, तारीख तोंडी सांगितली असती. ते मला अर्धा कागद दाखवत होते आणि बाकीचा अर्धा मी मागते का, याची वाट बघत होते.

"बाई, आणखी काही तपासायचं आहे?"

अंगठा काढा म्हटलं असतं तर त्यांनी काढला असता. याची मला खात्री आहे.

"नाही," मी म्हटलं आणि कॉलेजला पत्र लिहायला घेतलं. पाच ओळींचं. इतकं नेमकं इंग्रजी मी तीस वर्षांच्या नोकरीत लिहिलं नव्हतं. रेवाने फॉर्ममध्ये दुरुस्ती केली, नक्कल जोडली, आणि गुरुवारी कॉलेजच्या ऑफिसातून कळवलं की मदत पुन्हा सुरू केली आहे, जागा कायम आहे.

आई धावतच लायब्ररीत आली. पेढे नव्हते, घाईत दुकानातले डोनट आणले होते. "काका, म्हणजे माझ्या मुलीने काही केलंच नव्हतं ना?"

"ते या कागदात नाही. तारीख चुकली होती. एवढं आहे." डोनट त्यांनी घेतला नाही.

त्या हिवाळ्यात ते मुलाबरोबर मिशिगनमध्ये ॲन आर्बरला गेले. निदान मला तरी तसं सांगितलं. मी ते कुणालाही सांगितलं नाही, म्हणून खरं की खोटं हे मला कळलेलं नाही.

रेवा आता इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स आहे. माझा रक्तदाब बघायला अधूनमधून येते. तुमची चौकशी करते, पण नावं घेऊन नाही, "ते दोघं कसे आहेत?" असं विचारते. मी म्हणते, छान आहेत, मोठे झाले, नोकऱ्या चांगल्या आहेत. ती म्हणते, "गुड," आणि पट्टा गुंडाळून ठेवते. ती पुडी पर्समध्ये तिने स्वतः ठेवली होती की कुणी गाडी थांबल्यावर तिच्याकडे दिली, हे मी तिला विचारलं नाही. कदाचित माझा संशय साफ चुकीचा असेल. गाडी दुसऱ्याच कुणाची असेल, तुम्हाला खरंच आइस्क्रीमच्या दुकानात गर्दी लागली असेल. तसं असेल तर म्हातारीला माफ करा आणि ही एका विक्षिप्त माणसाची हकिकत म्हणून वाचून बाजूला ठेवा.

पण तसं नसेल, तर तुमच्यापैकी एकाला हे वाचायला माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागेल. त्याला मी काही विचारत नाही. त्याचं शिक्षण एक दिवसही थांबलं नाही, आणि तिचं थांबता थांबता राहिलं, एवढं फक्त सांगते. तिचा फोन नंबर बदललेला नाही.